एलडीएच वाढलं म्हणजे मलेरिया नव्हे

खानापूर-बेळगाव भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'रक्ताच्या रिपोर्टात एलडीएच वाढलं की मलेरिया समजा, गोळ्या सुरू करा.' एलडीएच म्हणजे पेशींमधलं एक एन्झाइम. या मेसेजचं मूळ माझ्याच पोस्टमध्ये आहे. 'मलेरियाचं कार्ड (रक्ताच्या थेंबावरची झटपट तपासणी) एलडीएच पकडतं' एवढंच मी लिहिलं होतं. कुणाचं, ते लिहायचं राहिलं. चूक माझी.

कार्ड पकडतं ते मलेरियाच्या परजीवीचं एलडीएच. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी जवळजवळ सगळी ऊर्जा ग्लुकोज फोडून मिळवतो, म्हणून तिथे हे एन्झाइम भरपूर बनतं. माणसाच्या एलडीएचमध्ये नसलेली पाच अमिनो आम्लं त्याच्या एका वळणात जास्तीची असतात. असल्या फरकांमुळेच कार्डावरच्या अँटिबॉडी नेमकं परजीवीचंच धरतात.

रिपोर्टातला आकडा मात्र प्रामुख्याने आपल्या पेशींचा. लिव्हर, स्नायू, हृदय, कुठेही पेशी फुटल्या की तो चढतो. सिरिंज जोरात ओढली आणि तांबड्या पेशी फुटून ट्यूबमधलं सीरम लालसर दिसलं, तरीही चढतो. आम्ही लॅबवाले असा नमुना परत मागवतो. मलेरियातही वाढतो, हे खरं, पण त्यावरून मलेरिया ठरत नाही. ते ठरतं स्लाइडवर (सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहून) किंवा कार्डावर.

तेव्हा तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका. लावणीच्या चिखलातून ताप घेऊन आलेल्याने घरच्या गोळ्या न घेता आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासावं.