मागच्या सीटवर बेल्ट कशाला, म्हणणाऱ्यांसाठी

मागच्या सीटवर बेल्टची गरज नाही, असे सांगणारा एक संदेश बराच फिरतो आहे. त्यातले दावे असे: शहरातल्या वेगात हातांनी सावरता येते, पुढची सीट आडवी येतेच, लहान मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित असते, एअरबॅग असतातच, गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर बेल्टमुळेच माणूस अडकतो, आणि कायद्याची सक्ती फक्त पुढच्यांना आहे.

हातांनी सावरण्याचा दावा पटकन पटतो, कारण करकचून ब्रेक लागल्यावर आपण पुढची सीट धरून सावरलेले असतो. मात्र ब्रेक लावून थांबायला एक-दोन सेकंद तरी मिळतात; टकरीत सेकंदाचा दहावा भागही जेमतेम मिळतो. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. गाडी अडली तरी, न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार, बेल्ट न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो 70 किलोचा असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 6,750 ज्यूल भरते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणारा माणूस जमिनीवर आदळताना असते तेवढी. तिथे हात टेकून सावरेन, असे कोणी म्हणणार नाही.

ही ऊर्जा किती अंतरात जिरते, यावर इजा ठरते. गाडीचा चेपणारा पुढचा भाग आणि ताणला जाणारा पट्टा मिळून अर्धा मीटर मिळाला असे धरले, तर सरासरी बल 13,500 न्यूटन येते, आणि ते खांदा, छाती व कमरेच्या हाडांवर विभागले जाते. त्याने बरगडी मोडू शकते, हे मान्य. पण थांबायला पाचच सेंटीमीटर मिळाले, तर बल दहापट होते आणि बहुधा डोक्यावर येते.

पुढची सीट आडवी येते, हे खरे; पण तिच्यावर कोणीतरी बसलेले असते, आणि मागून आदळणाऱ्याचा संवेग त्याच्या पाठीवर जातो. मांडीवरच्या 10 किलोच्या मुलाला धरून ठेवायचे, तर वरच्याच हिशेबाने आईला सुमारे 200 किलो वजन पेलण्याइतका जोर लावावा लागेल, तोही अचानक. एअरबॅग बेल्टच्या जोडीला आहेत, त्याच्या बदल्यात नाहीत. शिवाय सहा एअरबॅगच्या नेहमीच्या रचनेत मागच्यांच्या वाट्याला फक्त बाजूचे पडदे (खिडक्यांपाशी फुगणाऱ्या एअरबॅग) येतात, समोरून काहीच नाही.

आगीची आणि पाण्याची भीती समजण्याजोगी आहे. तरीही बहुतेक वेळा गाडी आधी कशावर तरी आदळते, आणि त्या आदळण्यात शुद्ध टिकली तरच बकलचे बटण दाबून बाहेर पडता येते. राहिला कायदा: केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 138(3) समोर तोंड असलेल्या मागच्या सीटनाही लागू आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार दंड 1,000 रुपये आहे.