'दऱ्या' लिहायला गेले, 'दर्या' आला

काल म्हापशात नवा फोन बघायला गेले होते. दुकानातल्या पोराने हातात दिला तो कॅमेरा उघडूनच. "पन्नास मेगापिक्सेल, मॅडम!" मी कॅमेरा बंद केला आणि नोट्स उघडून 'आचाऱ्यांना' टाइप केलं. उमटलं 'आचार्यांना'. पोर बघून म्हणालं, "तें एकूच न्हय?"

एकच कसं? गेल्या चवथीला घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'आचाऱ्यांना पहाटे पाचला बोलवा, नारळ सोलायचेत.' गेलं 'आचार्यांना'. काकांनी विचारलं, कुठल्या मठाचे? मग दोन दिवस ग्रुपवर नारळ सोलणारे आचार्य गाजले. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. गोव्यात दोन्ही आहेत, त्यामुळे चूक झाली तरी वाक्य खरंच वाटतं, ही आणखी पंचाईत. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवताना दोन्ही शब्दांचं स्पेलिंग तेच, मग कीबोर्ड आपल्या मर्जीने एक पुढे सरकवतो. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कीबोर्डवर, ऱ ला स्वतःची जागा आहे: शिफ्ट दाबून र, मग हलन्त, मग य. सुरुवातीला बोटं अडखळतात, नंतर हात बसतो. माझा बसलाय. पण फोन विकणाऱ्याला हे कधी कुणी विचारतच नाही!

मग मी पाण्याची बाटली काढली आणि स्क्रीनवर दोन थेंब टाकले. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्याचं कारण मासळी बाजारात आहे. ऑगस्ट. ३१ जुलैला मासेमारीवरची बंदी संपलेली, बांगडे आलेले, वरून पाऊस. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन. क्यूआर स्कॅन झाला, पिन टाकायला गेले तर चार दाबलं की सात उमटतंय. टचस्क्रीन बोटाचा दाब ओळखत नाही, काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बोटामुळे होणारा बदल ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, मग बिचाऱ्याला कळेना कुठलं बोट नि कुठला थेंब. साडीच्या पदराने पुसून पुसून दोनदा पिन चुकला. मासेवाली म्हणाली, "रोख दी गो बाय." मागे रांग. दिली रोख.

बांधणीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मागे काच, कडेला धातू, हातात घेतला की थंडगार, देखणा. आणि घरी आल्याआल्या सगळे त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवतात! आयपी६८ म्हणून पोर फुशारत होतं. हा धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा. त्यातला सहा धुळीचा, आठ पाण्याचा, पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. मिरामारला लाटेत उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. खारं पाणी चार्जिंगच्या भोकात शिरलं की पुढचं तुम्हीच बघा.

कॅमेरा शेवटी बघितलाच. पन्नास मेगापिक्सेलचा फोटो बहुतेक वेळा साडेबारा मेगापिक्सेलचाच निघतो. शेजारचे चार पिक्सेल मिळून एक धरतात, म्हणजे कमी उजेडात भागतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रंगांची. बाहेर येऊन समोरच्या चिऱ्याच्या भिंतीचा फोटो काढला, तर ती गाजरासारखी भगवी. आमच्या गावच्या दिवजोत्सवात, म्हणजे बायका पेटते दिवे घेऊन चालतात त्या उत्सवात, गेल्या वर्षी जुन्या फोनच्या नाइट मोडवर बायकांचे फोटो काढले होते. तो मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन जोडतो आणि बायका तर चालत असतात. दिवे लांबट झाले नि आत्याला दोन नाकं आली. आत्या अजून विसरली नाहीये.

थेंबांच्या परीक्षेत फोन काठावर पास झाला, म्हणून घेतला. बिल होईपर्यंत पोर स्वतःच्या फोनवर काहीतरी खुडबुडत होतं. तिसऱ्या खेपेला 'दऱ्या' जमलं, तेव्हा दाखवायला काउंटरबाहेर आलं.