एका अश्वशक्तीची चटणी

माझा धाकटा मेहुणा जर्मनीला गेला आणि जाताना त्याचा ट्रेलर आमच्या पार्किंगमध्ये सोडून गेला. "दाजी, वापरा हो बिनधास्त. नुसता उभा राहिला तर टायर सडतात," म्हणाला आणि किल्ली हातात ठेवून मोकळा झाला. परदेशी जाताना माणसं कुंड्या ठेवून जातात, फार तर मांजर. याने पंधरा फुटी फिरतं घर ठेवलं. आत दोघांपुरता पलंग, वीतभर ओटा, दोन एलईडी दिवे, एक पंखा आणि पलंगाखाली बारा व्होल्टची एक बॅटरी. बोलेरोच्या मागे अडकवायचं आणि सुटायचं. इतकं सोपं.

बायकोने आत डोकावून "मिक्सर कुठे लावायचा?" असं विचारेपर्यंत ते खरंच सोपं होतं.

मी म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, "अरे, इडल्या नेणार ना आपण? मग चटणी? नुसती इडली तापातल्या माणसाला देतात." सासूबाई शेजारीच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. जावयाकडून एवढंही होऊ नये, असं ते बघणं होतं.

मी मिक्सर उलटा करून पाहिला. बुडाशी लिहिलं होतं: ७५० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे अर्धा नारळ आणि चार मिरच्या वाटायला आमच्या स्वयंपाकघरात एक अख्खा घोडा राबतो, हे मला लग्नानंतर चोवीस वर्षांनी कळलं. पुढे जे घडलं ते बघता खराच घोडा घेतला असता तर स्वस्तात पडला असता. ट्रेलरही त्यानेच ओढला असता.

पहिला इन्व्हर्टर मी रविवारी जुन्या बाजारातून आणला. मिक्सर लावला तर तो वाटेना, नुसता गुरगुरायला लागला. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा गोलाईने चढते आणि गोलाईने उतरते. स्वस्तातला इन्व्हर्टर तीच लाट चौकोनी करून देतो. मोटरच्या दृष्टीने हे म्हणजे पर्वतीच्या पायऱ्यांवरून सेकंदाला पन्नास वेळा वरखाली. ती धापा टाकते, तापते आणि वास सोडते. मिक्सरमधून असा वास आला की घरातल्या बायका ज्या नजरेने बघतात, ती मी दोन पिढ्यांत एकदम पाहिली.

मग शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी गोलाईची लाट देणारा, पंधराशे वॅटचा नवाकोरा इन्व्हर्टर घेतला. बटण दाबलं. मिक्सरने एक गिरकी घेतली आणि इन्व्हर्टर "पीं पीं पीं" करत बसला. बॅटरी कमी आहे म्हणे. मल्टिमीटर लावला, तर बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि चार मीटर लांब इन्व्हर्टरच्या तोंडाशी जेमतेम नऊ. मधले साडेतीन व्होल्ट गेले कुठे? ते वायरने खाल्ले होते. खाल्लेलं पचवताना ती इतकी तापली होती की तिचं लाल आवरण माझ्या बोटाला चिकटलं. घरच्या फिटिंगची उरलेली अडीच स्क्वेअर एमएमची वायर होती ती. पंखे, दिवे, प्लगपॉइंट, सगळं तिच्यावर चालतं, मग इथे का नाही चालणार, असा माझा हिशेब.

हिशेब चुकला होता, आणि तो पुणेकराला पाण्याच्या भाषेत लगेच समजेल. घरी २३० व्होल्टचं प्रेशर असतं, म्हणून सव्वातीन अँपिअरच्या बारीक धारेत मिक्सर फिरतो. ट्रेलरमध्ये प्रेशर बाराचं. पेठेतल्या चौथ्या मजल्यावरच्या नळासारखं. तेवढंच काम करून घ्यायचं तर सत्तर अँपिअरचा लोंढा सोडावा लागतो, आणि लोंढ्याला पाइप तसाच जाड लागतो. मी धरणाचं पाणी सलाइनच्या नळीतून सोडत होतो.

आता जाणकार माणूस गाठणं आलं. आमच्या सोसायटीच्या वायरमनने ट्रेलरला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "साहेब, हे घरचं काम नाही. हे गाडीचं आहे." मी बोलेरोला ट्रेलर जोडून नाना पेठेपर्यंत नेला. (पंधरा फुटी ट्रेलर नाना पेठेत नेणं हा वेगळा लेख आहे आणि तो मी कधीही लिहिणार नाही.) तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दारातून आत पाहिलं, ओटा पाहिला, टांगलेला कुंचला पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हे गाडीचं काम नाही. हे घरचं आहे." दोन्ही घरांनी नाकारलेलं ते पोर घेऊन मी परत आलो आणि ठरवलं, आपणच करायचं. मराठी माणूस असल्या निर्णयाला स्वाभिमान म्हणतो.

तपकीर गल्ली ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बुधवार पेठेतल्या या बोळात विजेवर चालणारी, विजेवर न चालणारी आणि चालेल की नाही याची खात्री नसलेली प्रत्येक वस्तू मिळते. अट एकच. तुम्हाला तिचं नाव माहीत हवं. "ती अशी गोल, भोक असलेली, वायरच्या टोकाला लावतात ती..." असं सुरू केलं की दुकानदार तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. त्या वस्तूला लग म्हणतात. मी तीन फेऱ्यांमध्ये शिकलो.

"पस्तीस स्क्वेअर एमएमची कॉपर केबल द्या," मी ऐटीत म्हणालो.

दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "वेल्डिंगचं काम काढलंय का?"

"नाही. चटणी वाटायची आहे."

त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्या गल्लीत त्याहून विचित्र कारणं रोज येत असावीत. "किती मीटर?" एवढंच त्याने विचारलं. मी दहा म्हणालो. "इन्व्हर्टर बॅटरीजवळ सरकवा, तीन मीटरमध्ये भागेल," तो म्हणाला. स्वतःचा सात मीटरचा धंदा बुडवून दिलेला हा सल्ला मी आजवर ऐकलेला विजेबद्दलचा सर्वांत उत्तम सल्ला आहे. शिवाय बॅटरीच्या अगदी लगत लावायला त्याने एक फ्यूज दिला. तो कशासाठी, हेही सांगितलं: "फ्यूज मिक्सरला नाही वाचवत, वायरला वाचवतो. वायर पेटली की पलंग पेटतो. पलंगावर कोण झोपणार?" मी म्हटलं, सासूबाई. त्याने एक साइज लहान फ्यूज काढला.

लग मात्र मी घरी हातोडीने ठोकून बसवले. ठोकलेला लग वरून घट्ट दिसतो, आत केबलच्या तारा सैलच राहतात, आणि सत्तर अँपिअरला तेवढी फट पुरते. पहिल्याच चाचणीत तो सांधा चुलीवरच्या उलथण्यासारखा तापला. पुन्हा तपकीर गल्ली. तिथे एका पोऱ्याने हायड्रॉलिक प्रेसमध्ये आठही लग एका चहाच्या वेळात दाबून दिले आणि माझे ठोकलेले लग शेजारच्या पोऱ्यांना बोलावून दाखवले.

केबल झाली, तर बॅटरीने मान टाकली. मेहुण्याची बॅटरी शंभर अँपिअर-अवरची, पण शिशाची. ही जात १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने शोधली, म्हणजे सत्तावनच्या बंडानंतर दोन वर्षांनी. तेव्हापासून इंग्रज गेले, संस्थानं गेली, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं तेवढं कुठे गेलं नाही. शिवाय तिला नेहमी निम्म्याहून खाली उतरवलं तर ती लवकर मरते. शंभर लिहिलेलं असतं आणि पन्नास मिळतात. लग्नाच्या हॉलची आसनक्षमता असते तसंच.

म्हणून मी दीडशेची ट्युब्युलर आणली, म्हणजे शिशाचीच, पण घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती दणकट जात. पन्नास किलोंच्या वर वजन. पलंगाखाली मावेना, म्हणून ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला, सामानाच्या कप्प्यात बसवली आणि आम्ही भोरला भाटघरच्या पाण्याकाठी जाऊन आलो. चटणी झाली. परतीच्या वाटेवर कात्रजचा नवा बोगदा सोडला आणि नवले पुलाचा उतार लागला. त्या उताराचं वर्णन पुणेकराला सांगायला नको. ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी हळू, मग आनंदी कुत्र्यासारखी. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढे, जोडाच्या नाकावर पडायला हवा, हे मला नंतर वाचून समजलं. मागे वजन टाकलं की नाक हलकं होतं आणि मागची गाडी पुढच्या गाडीला चालवायला लागते. त्या क्षणी मला एवढंच समजत होतं की सासूबाई रामरक्षा म्हणतायत आणि "रामो राजमणि:" वर वेग वाढलाय. ब्रेक दाबायचा मोह टाळून नुसता पाय काढला, म्हणून हा लेख.

लिथियमकडे मी वळलो तो असा, भक्तिमार्गाने. बारा व्होल्टच्या ट्रेलरला जी लागते ती लोखंड आणि फॉस्फेटवाली. टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत तिच्यावर काम झालं, आणि १९९७च्या त्या शोधनिबंधात पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. गुडइनफना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. हे वाचून मला धीर आला. माझ्या हातात अजून पंचेचाळीस वर्षं होती.

शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बारा-एक किलोंची. शंभरातले ऐंशी-नव्वद सहज वापरता येतात. मी दोन घेतल्या, कारण एव्हाना इंडक्शनबद्दलही घरात कुजबुज होती. दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या तर एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या आणि जोडताना सारख्याच भरलेल्या हव्यात. आमच्या घरी मी, आई आणि सासूबाई यांच्यात या विषयावर प्रथमच एकमत झालं. जुनीला नवी जोडली तर नवी जन्मभर जुनीला भरवत बसते. अशी घरं आम्ही पाहिली आहेत.

दोघींचे स्वभाव मात्र वेगळे. म्हणजे शिशाचा आणि लिथियमचा. शिशाची बॅटरी उतरायला लागली की आधीपासून कण्हते, दिवे मंद होतात, पंखा रडतो. लिथियम पेठेतल्या काकांसारखी. "कसं आहे?" विचारलं की "उत्तम." ऐंशी टक्के असताना तेरा व्होल्ट, तीस टक्के असतानाही तेराच्याच आसपास. आणि मग आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, एकदम पडदा पाडतं. कसलीही सूचना नाही. व्होल्टमीटर बघून काही कळत नाही म्हणून मग शंट आला, म्हणजे किती अँपिअर आत गेले आणि किती बाहेर, याची वही ठेवणारा. जुना चार्जर शिशासाठीचा, त्याने अधूनमधून पंधराच्या वर व्होल्ट चढवले की बीएमएस रुसायचं, म्हणून चार्जर बदलला. बोलेरोच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरून, चार्ज करावं तर लिथियम मिळेल तितकं ओरपते आणि अल्टरनेटर तापतो, म्हणून मध्ये तिला मोजूनमापून वाढणारा डीसी-डीसी चार्जर आला. टपावर सोलर पॅनेलही आलं. आमचं पार्किंग इमारतीखाली आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

मिक्सर साडेतीन हजारांचा होता. एकूण खर्च मी बायकोला तीन वेगवेगळ्या आकड्यांत, तीन वेगवेगळ्या महिन्यांत सांगितला आहे आणि बेरीज तिच्यावर सोडली आहे.

राहता राहिलं चार्जिंग. पार्किंगमधल्या सॉकेटला मी रात्री वायर लावायचो. ते सॉकेट सोसायटीच्या सामाईक मीटरवर. आमचे सेक्रेटरी काका ऑडिट खात्यातून निवृत्त झाले, पण ऑडिट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन दारात. "दोन बॅटऱ्या, तेराला थोडं कमी व्होल्ट, दोनशे अँपिअर-अवर. म्हणजे अडीच युनिट. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. आणि प्रामाणिकपणाचा झटका आला म्हणून पुढे बोललो, "पण चार्जरमध्ये थोडी वाया जाते. तीन धरा."

"वाया गेलेलीचे पैसे कोण देणार?"

"मीच."

"मग तीन," असं म्हणून त्यांनी लिहिलं. तेव्हापासून दर महिन्याच्या मेंटेनन्सच्या पावतीवर माझ्या नावापुढे "ट्रेलर (लॉसेससह)" असा स्वतंत्र रकाना असतो. वार्षिक सभेत तो वाचूनही दाखवला गेला. पाठोपाठ ट्रेलर अन्यत्र हलवण्याबद्दल एक नोटीस आली, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र.

गेल्या गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळी नऊपासून वीज बंद होती. पुण्यात गुरुवारचं काही विशेष वाटत नाही. मी खाली ट्रेलरमध्ये बसून उगाच शंटचे आकडे बघत होतो. एवढा खर्च केल्यावर माणसाला आकडे बघावेसे वाटतात. दारावर टकटक झाली. सेक्रेटरी काका. दोन्ही हातांत, तान्हं मूल धरावं तसं, मिक्सरचं मोठं भांडं. मागे काकू, हातात भिजलेल्या उडदाच्या डाळीचं पातेलं.

"व्याही येतायत अकराला," काकू म्हणाल्या. "दहीवडे सांगून ठेवलेत हो."

मी बाजूला सरकलो. बटण दाबलं. घोडा उधळला. पस्तीसची केबल गार, लग गार, फ्यूज शांत. काकूंनी पाणी घालत घालत दहा मिनिटांत सगळी डाळ वाटली, बोटाने चिमूट चोळून पाहिली आणि "छान आलंय" म्हणाल्या. एवढ्या महिन्यांत या यंत्रणेला मिळालेली ही पहिली दाद.

काका जागचे हलले नव्हते. मनगटावरच्या घड्याळात बघत होते. मग खिशातून वही निघाली.

"साडेसातशे वॅट, दहा मिनिटं. शून्य पूर्णांक एकशे पंचवीस युनिट. तुमच्या खात्यातून वजा करतो."

"राहू द्या हो काका."

"नाही, हिशेब म्हणजे हिशेब." त्यांनी आकडा लिहिला, पेन्सिल थांबली, आणि त्यांनी चष्म्यावरून इन्व्हर्टरकडे पाहिलं. "याचे लॉसेस किती धरू?"