'फुकटचे सँडविच' म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. काकाच म्हणते, कारण तुम्ही सुरुवातच 'पोरी' अशी केलीत, तर नातं आता जोडूनच टाकू.

बाकीच्यांसाठी सांगते, लंडनमधल्या बँकेच्या स्प्रिंग वीकबद्दल (म्हणजे कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षातल्या मुलांना बँक काही दिवस आत बोलावून काम दाखवते तो प्रोग्राम) मी जी पोस्ट टाकली त्यावर काकांचं म्हणणं असं की "चार दिवस फुकटचे सँडविच खाऊन बँकिंग कळत नाही पोरी, मी राष्ट्रीयीकृत बँकेत हयात घालवली, बँक काउंटरवर कळते." शिवाय हे प्रोग्राम म्हणजे बँकांची जाहिरात, आणि व्हिसाचा विषय मी मुद्दाम टाळला, हेही आहेच.

टीका करा, माझी ना नाही, पण जरा नीट बोलून करता आली नसती का? 'मला बँकिंग कळलं' असं मी कुठेही लिहिलेलं नाही, परत एकदा वाचा. हां, कॅनरी वॉर्फच्या, म्हणजे लंडनमधल्या बँकांच्या भागातल्या, काचेच्या टॉवर्सचे फोटो जरा जास्त झाले, ते मान्य.

आता सँडविच. फुकट कुठलं हो? आधी फॉर्म, मग ऑनलाइन टेस्ट, मग व्हिडिओ इंटरव्ह्यू, ज्यात समोर माणूसच नसतो, स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला अर्धा मिनिट आणि मग कॅमेऱ्याकडे बघून एकटंच बोलत सुटायचं. हे सगळं पहिल्या वर्षाला, म्हणजे युनिव्हर्सिटीत लायब्ररी कुठेय ते कळायच्या आत. घाई का, तर स्प्रिंग वीकला आलेल्यांतूनच बऱ्याच बँका पुढच्या वर्षीच्या समर इंटर्नशिपसाठी मुलं उचलतात, आणि इंटर्नशिप करणाऱ्यांतून नंतर कायमच्या नोकरीला. म्हणजे गाडी पहिल्याच स्टेशनला पकडावी लागते. आणि ते लंच, ज्याला तुम्ही हसलात, तिथे एका हातात प्लेट, दुसरा शेकहँडला मोकळा, समोर अ‍ॅनालिस्टपासून मॅनेजिंग डायरेक्टरपर्यंत कोणीही येणार आणि "तुला मार्केट्सच का?" (म्हणजे ट्रेडिंगचाच विभाग का) विचारणार, आणि आपण तोंडात घास असताना उत्तर द्यायचं. मी अर्धं सँडविच तसंच ठेवून आले. तुम्ही एकदा खाऊन दाखवा.

काउंटरचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०१९ पासून मोठ्या बँकांना सामान्य ठेवीदारांचा कारभार ट्रेडिंगच्या कारभारापासून वेगळ्या कंपनीत ठेवावा लागतो, २००८ च्या गोंधळानंतर केलेला नियम आहे. म्हणजे तुमचं काउंटर आणि मी बघितलेला ट्रेडिंगचा फ्लोअर कायद्यानेच वेगळे आहेत, मी तरी काय करू? त्या फ्लोअरवर जाताना मोबाइल बाहेर ठेवायला लावला, शुक्रवारी दुपारी दीडला अमेरिकेच्या नोकऱ्यांचा आकडा यायचा होता तर एकाच वेळी सगळे गप्प, आणि आकडा आल्यावर जो आवाज झाला तो कुठल्या पुस्तकात वाचून कळत नाही. ऑपरेशन्सच्या, म्हणजे सौद्यानंतरची कामं निस्तरणाऱ्या विभागाच्या, सेशनला तर मजाच आली. अमेरिकेने २८ मे २०२४ पासून शेअर्सची सेटलमेंट टी प्लस वन केली, म्हणजे सौद्यानंतर एका कामाच्या दिवसात पैसे आणि शेअर्सची देवाणघेवाण पूर्ण, मग लंडनवाल्यांना वेळेतल्या फरकामुळे डॉलरची सोय एका दिवसात करताना कशी धावपळ होते हे ते सांगत होते, आणि त्यांचं स्वतःचं टी प्लस वन ऑक्टोबर २०२७ ला. मी हात वर करून सांगितलं, आमच्याकडे भारतात जानेवारी २०२३ लाच पूर्ण झालं. सगळे वळून बघायला लागले. हे पण 'सँडविच'मध्येच धरायचं का?

आणि काउंटर मला शिकवू नका प्लीज. माझी आई इचलकरंजीत पतसंस्थेत क्लार्क आहे, शाळेतून आले की मी तिच्या मागच्या टेबलावर बसून पिग्मीच्या पावत्या लावायचे. २०१६ च्या नोटबंदीत, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे म्हणून जुन्या नोटा घेता येत नव्हत्या आणि सभासद येऊन आईवरच ओरडायचे, ते मी डोळ्यांनी बघितलंय. काउंटरच्या अलीकडेही उभी राहिलेय, शैक्षणिक कर्जाची फाइल घेऊन, तुमच्यासारख्याच एका राष्ट्रीयीकृत बँकेत, जिथे "साहेब जेवायला गेलेत" एवढंच ऐकायला मिळायचं. सँडविच खात नसावेत बहुतेक, इतका वेळ कोणाला लागतो?

जाहिरात म्हणाल तर असेल बुवा, कुठली कंपनी करत नाही. व्हिसा हा वेगळा विषय आहे, नियम सतत बदलतात, एका प्रतिक्रियेच्या उत्तरात बसणारा नाही.

बाकी ज्यांनी अर्जाबद्दल नीट विचारलंय त्यांच्यासाठी, बहुतेक बँकांचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरपासून उघडायला लागतात आणि अनेक ठिकाणी आले तसे तपासत जागा भरत जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघू नका. तीन वर्षांच्या डिग्रीला पहिल्या वर्षी भरायचा, चार वर्षांची असेल तर दुसऱ्या. सीव्ही दाखवायचा असेल तर मेल करा, वीकेंडला बघते.