उदगीरहून आलेल्या पेशंटच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी काउंटरवरच्या मुलाला शेजारी बसवून पुन्हा वाचला. तुम्ही लिहिलंय की उदगीरहून एसटीने दुपारी लातूरला पोचलात, तर ‘टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) तपासणी सकाळीच होते’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला कोणतं इंजेक्शन, कशासाठी, हे चार लोकांदेखत विचारलं. आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, जास्त आलं म्हणून तिसरा हेलपाटा घालायला लावला, वर सीबीसीचे (रक्तपेशींच्या तपासणीचे) पैसेही पुन्हा घेतले. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लॅब माझीच आहे, म्हणून उत्तरही मीच देते. तुमच्या रिपोर्टमधलं काही इथे लिहिणार नाही, उपचार कशासाठी चालू आहेत तेही नाही. तुम्ही स्वतः जे मांडलंत तेवढ्यावरच बोलते.

चारचौघांत विचारलं ही सरळ आमची चूक. माफ करा. हार्मोनचे उपचार घेणारा माणूस आधीच कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून गाव सोडून आमच्याकडे येतो, आणि आम्ही त्याला मोठ्यानं विचारतो! आजपासून हे प्रश्न आतल्या खोलीत, दार लावून विचारले जातील.

पण प्रश्न विचारणं मात्र थांबवणार नाही. इंजेक्शनची तारीख माहीत नसेल तर टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. टेस्टोस्टेरॉनचं एनॅन्थेट नावाचं इंजेक्शन घेतलं की दोन-तीन दिवसांत पातळी खूप वर जाते आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत उतरत राहते. म्हणून त्याचं रक्त दोन इंजेक्शनांच्या साधारण मध्यावर घ्यायचं. दहा-बारा आठवड्यांनी घ्यायचं अनडेकॅनोएट नावाचं इंजेक्शन असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. जेल लावणाऱ्यांचं लावल्यानंतर दोन ते आठ तासांत, आणि ज्या हाताला जेल चोळलं त्या हातातून कधीच नाही, नाहीतर कातडीवरचं औषध सुईबरोबर नळीत उतरतं आणि आकडा भलताच फुगतो. सकाळी सात ते दहाचा नियम मुख्यतः उपचार सुरू व्हायच्या आधीच्या तपासणीसाठी आहे, कारण शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पहाटे जास्त असतं आणि दिवस चढेल तसं घटतं. तुम्ही इंजेक्शनवर आहात असं लिहिलंय. म्हणजे त्या दिवशी घड्याळापेक्षा तारीख विचारायला हवी होती. आमच्या मुलानं पाठ केलेला नियम सांगितला आणि तुमचा दिवस वाया गेला. चूक त्याची कमी, नीट न शिकवणाऱ्या माझी जास्त.

आता हिमॅटोक्रिट. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते हा आकडा सांगतो. टेस्टोस्टेरॉन या पेशी वाढवतं, रक्त दाट होतं, गुठळी होण्याची भीती वाढते. म्हणूनच उपचारापूर्वी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी हे बघतात. 54 टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा आकडा उतरेपर्यंत औषध थांबवतात. एवढा मोठा निर्णय ज्यावर होतो तो आकडा एकदा पडताळून बघणं मला गरजेचं वाटतं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलावीन. आपल्याकडच्या मे महिन्यात तर जास्तच. उन्हात दीड-दोन तास एसटीत, घाम गळतोय, आणि ‘उपाशीपोटी या’ सांगितलं म्हणून माणूस पाण्याचा घोटही न घेता येतो. अंगातलं पाणी आटलं की पेशी तेवढ्याच राहूनही टक्केवारी वर जाते. उपाशीपोटी म्हणजे बिनपाण्याचं नव्हे, हे आम्ही फोनवरच सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, म्हणून फेरतपासणीचे पैसे घेण्याचा आम्हाला हक्क नव्हता. ते आज परत करतोय. यापुढे अशी फेरतपासणी कुणालाच पैसे न घेता होईल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते. स्त्री म्हणून नोंद असलेली काही मंडळीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं टेस्टोस्टेरॉन घेतात. मशीन फॉर्मवरचं लिंग बघून बायकांची रेंज छापतं आणि ठीकठाक हिमोग्लोबिनपुढेही ‘जास्त’ची खूण करतं. उपचार चालू असल्याचं मला आत येऊन सांगितलंत तर तिथे पुरुषांची रेंज लावता येते. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, केसांसाठी पुष्कळजण घेतात आणि काही मशीनवर हार्मोनचे आकडे त्यानं चुकतात.

तुमचं पुढचं इंजेक्शन कधी आहे ते रिपोर्टवरच्या नंबरवर कळवा. रक्त कोणत्या दिवशी द्यायचं ते मी स्वतः बघून सांगेन, आणि त्या दिवशी दुपारच्या एसटीने पोचलात तरी नमुना घेतला जाईल. येताना पाणी भरपूर पिऊन या.