पाच हजारांत एक लाख स्ट्रीम? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘तुमचं मराठी गाणं व्हायरल करण्याची दहा रहस्यं’ असा एक लांबलचक संदेश सध्या गायक-वादकांच्या, भजनी मंडळांच्या आणि कॉलेजातल्या बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आहे. परवा तो माझ्या भाच्याकडून आला. खाली एकच ओळ होती: ‘मामा, पैसे भरू का?’ त्याला मी फोनवर उत्तर दिलं. पण हाच प्रश्न घेऊन बसलेली अजून किती पोरं असतील, या विचाराने डोकं फिरलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

संदेश काय म्हणतो ते आधी सांगतो. पाच हजारांचं पॅकेज घ्या, एक लाख स्ट्रीम मिळतील, म्हणजे गाणं ऑनलाइन तितक्या वेळा वाजेल. परवडत नसेल तर मित्रांचे वीस फोन गोळा करा आणि आवाज बंद करून गाणं रात्रभर लूपवर लावा. कोणत्याही गाण्याचा तीस सेकंदांहून छोटा तुकडा घेतला तर कॉपीराइट लागत नाही. पट्टी दोन सुरांनी बदलली की कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा गायलेलं) तुमचं. गाणं दीड मिनिटाच्या आत ठेवा. मुखडा पहिल्या सात सेकंदांत आणा आणि तेवढा टिकटॉकवर टाका. ४३२ हर्ट्झवर ट्यून करा. आवाज शक्य तितका मोठा ठेवा. सणाचं गाणं सणाच्या आदल्या दिवशी सोडा. आणि गाण्याची सीडी स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवा, तोच तुमचा कॉपीराइट.

टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. म्हणजे हे सगळं बाहेरच्या कुठल्या तरी यादीचं भाषांतर आहे आणि ते करणाऱ्याने स्वतः एकही गाणं प्रसिद्ध केलेलं नसावं.

सगळ्यात घातक आहे तो पॅकेजचा सल्ला, त्यामुळे त्यावरच जास्त बोलतो.

स्पॉटिफाय या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले आणि ते २०२४ पासून लागू झाले. त्यातल्या तीन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत. दुसरी, नुसते १,००० पुरत नाहीत, ते वेगवेगळ्या श्रोत्यांकडूनही यावे लागतात. किती श्रोते, तो आकडा कंपनीने मुद्दाम गुप्त ठेवलाय, कारण सांगितला की लोक तेवढेच फोन गोळा करतील. वीस फोनांच्या कल्पनेचा निकाल इथेच लागला. तिसरी, एखाद्या गाण्यावर उघडउघड कृत्रिम स्ट्रीम सापडले तर त्या गाण्यामागे लेबलला (गाणं काढणाऱ्या कंपनीला) किंवा वितरकाला (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या सेवेला) दंड होतो. गाणं वितरकामार्फत गेलेलं असतं, त्यामुळे दंड आधी त्याला बसतो आणि बरेच वितरक तो कलाकाराच्या खात्यातून वळता करतात. पाच हजार गेले, वरून दंड, आणि त्या एक लाख स्ट्रीमचा एक पैसाही हातात येत नाही, कारण कृत्रिम स्ट्रीम मानधनाच्या हिशेबात धरलेच जात नाहीत.

‘एक हजाराचा टप्पा ओलांडायला तरी विकत घ्यावे लागतील ना?’ असं भाच्याने विचारलं होतं. कंपनीच्याच त्या निवेदनात आकडा आहे: वर्षाला एक हजारापेक्षा कमी वाजणारं गाणं सरासरी महिन्याला ०.०३ डॉलर कमवत होतं. म्हणजे दोन-तीन रुपये. तेवढ्यासाठी पाच हजार?

पैशांपेक्षा मोठं नुकसान दिसत नाही. तुमचं गाणं पुढे कोणाला ऐकवायचं हे अ‍ॅप आधी ऐकणाऱ्यांवरून ठरवतं: ते अजून काय ऐकतात, गाणं सेव्ह करतात का, पुन्हा येतात का, की दहाव्या सेकंदाला पुढे जातात. पॅकेजवाल्यांची भाड्याची खाती आज तुमचं भावगीत वाजवतात, पुढच्या मिनिटाला कुठल्या तरी देशाचं टेक्नो आणि मग पावसाचा आवाज. अ‍ॅप त्यातून शिकतं की हे गाणं अशा श्रोत्यांचं आहे. मग नाशिकमधल्या ज्या माणसाला ते खरंच आवडलं असतं, त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. गाण्याचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात मोलाचे असतात आणि नेमके तेच असे नासतात.

विकत घेतलेले स्ट्रीम ओळखता येतात. ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या आकडेवारीच्या पानावर श्रोत्यांची शहरं बघा. मराठी गाण्याला पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर खाली आणि जिथे तुम्हाला कुत्रंही ओळखत नाही असं परदेशी शहर सगळ्यात वर, हे आपोआप होत नाही. पाच हजार स्ट्रीमला चार सेव्ह, हेही नाही. आणि आलेख सरळ वर जाऊन ठरावीक दिवशी कड्यावरून पडल्यासारखा खाली आला, तर पॅकेज संपलं असं समजा. कधीकधी आपल्याला न विचारताही एखाद्या बनावट प्लेलिस्टमध्ये गाणं घुसवलं जातं, त्यामुळे ज्याने काहीच विकत घेतलेलं नाही त्यानेही आठवड्यातून एकदा हे पान उघडावं.

आता तीस सेकंद. हा आकडा कुठून आला असेल ते कळतं: स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो. त्याचा कॉपीराइटशी काडीचाही संबंध नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि सवलतींची यादी त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. खासगी वापर आणि संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त वापर चालतो. तिथे तीस सेकंद नाहीत, सात सेकंद नाहीत, ‘चार मात्रा’ नाहीत. तुमच्या रॅपमध्ये जुन्या लावणीचा दोन सेकंदांचा तुकडा लूप केला तरी परवानगी लागते, आणि तीही दोन: एक चाल-शब्दांची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. हे दोन हक्क वेगळे आहेत, बहुतेक वेळा वेगवेगळ्या हातांत असतात, आणि सगळा घोळ इथेच होतो.

भजनी मंडळांसाठी हे जरा उलगडून सांगतो, कारण ‘अभंग तुकोबांचा, मग कोणाची परवानगी?’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. चाल कोणाची? पारंपरिक असेल तर तीही मोकळी. पण रेडिओवर ऐकून डोक्यात बसलेली चाल एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल, तर त्याच्या निधनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं ती संरक्षित असते. सुधीर फडके २००२ मध्ये गेले. त्यांनी एकट्यांनी बांधलेल्या चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, शब्द कितीही जुने असोत.

पट्टी बदलण्याबद्दल कायदा जवळजवळ उलटंच म्हणतो. कव्हरसाठी कलम ३१सी आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं. मूळ गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष संपून पाच वर्षं व्हावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते, मानधन आगाऊ भरावं लागतं आणि तेही दर रचनेमागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. शिवाय तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल संमतीशिवाय करायचा नाही. बदलल्याने गाणं आपलं होतं, असं त्यात कुठेच नाही. यूट्यूबवर कव्हर टिकून राहतं, कारण तिथे मालक अनेकदा कंटेंट आयडी या गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने दावा लावून जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवतो आणि व्हिडिओ राहू देतो. तेच ऑडिओ म्हणून वितरकाकडून सगळीकडे टाकलं की ही सोय नसते, परवानगी नसेल तर गाणं उतरवलं जाऊ शकतं.

पहिल्या सात सेकंदांत मुखडा हवा, यात तथ्य आहे. मनाविरुद्ध मान्य करतो. पाऊण मिनिट नुसते स्ट्रिंग्ज आणि मग आलाप, अशी सुरुवात असेल तर नवा श्रोता तीस सेकंदांच्या आत निघून जातो आणि तो स्ट्रीम मोजलाही जात नाही. पण म्हणून आलाप कापून फेकू नका. मुखड्याची पहिली ओळ ठेक्याशिवाय, एकाच वाद्यावर, सुरुवातीला ठेवा, मग ठेका सुरू होऊ द्या आणि आलाप पहिल्या अंतऱ्याआधीच्या म्युझिक पीसमध्ये न्या.

दीड मिनिटाच्या सल्ल्याचं मात्र गणितच बसत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर एक आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक फेरा, साधारण ५.३ सेकंदांचं. दोन ओळींचा मुखडा, ओळीला दोन आवर्तनं, म्हणजे चार आवर्तनं, २१ सेकंद; दोनदा म्हटला की ४३. चार ओळींचा अंतरा आणखी ४३. परत मुखडा २१. झाले १०७ सेकंद, एकही म्युझिक पीस नाही आणि दुसरा अंतरा अजून बाकी. दीड मिनिटात बसवायचं तर एक अंतरा असलेलं गाणंसुद्धा कापावं लागेल. पैसे मिनिटावर नाही, स्ट्रीमवर मिळतात, तीन मिनिटांच्या गाण्याला कमी मिळत नाहीत. रीलसाठी ३० सेकंदांचा तुकडा वेगळा काढा. तो समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) सुरू आणि समेवर बंद करा, म्हणजे लूप झाल्यावर ठेका अडखळत नाही.

४३२ हर्ट्झवर, म्हणजे पाश्चात्त्य ‘ए’ हा सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ कंपनांवर लावण्यावर, फार शब्द खर्च करत नाही. आपल्या संगीतात सा ला ठरलेली कंपनसंख्याच नाही. कोणी ‘काळी एक’ पट्टीत गातो, कोणी ‘पांढरी चार’ पट्टीत. त्यातून नुकसान मात्र खरं होतं. बाजारातली पेटी साधारण ४४० च्या हिशेबाने लावलेली असते. ट्रॅक ४३२ वर केला आणि पेटी नंतर रेकॉर्ड केली, तर दोघांत जवळजवळ ३२ सेंटचा फरक, म्हणजे अर्ध्या सुराचा एक तृतीयांश. पेटीचे सूर बटण दाबून उतरत नाहीत, आणि गायक बिचारा दोघांच्या मधे लटकतो.

‘आवाज मोठा ठेवा’ हाही जुना रोग. स्पॉटिफाय गाणं मूळ सेटिंगमध्ये साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. तुम्ही लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) दाबून उणे ७ चा मास्टर (अंतिम फाइल) केलात तर अ‍ॅप तो ७ डेसिबलने खाली ओढतं. आवाज इतरांइतकाच होतो, पण लिमिटरने ढोलकीची थाप आधीच चपटी केलेली असते, ती परत येत नाही. उणे १२ ते उणे १० च्या आसपास थांबा. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, एरवी उणे १ च्या वर जाऊ देऊ नका. पण असा उणे १४ पेक्षा मोठा मास्टर असेल तर ते उणे २ च्या खाली ठेवा, नाहीतर फाइलचं रूपांतर होताना टोकं फाटतात. वितरकाला २४ बिटची वेव्ह फाइल द्या, एमपीथ्री नको. मिक्स एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर ऐका: ढोलकीची धूम तिथे गायबच होते, म्हणून तिच्या वरच्या भागात थोडी धार ठेवा, म्हणजे निदान ठेका कळतो.

सणाच्या आदल्या दिवशी गाणं सोडायचं? स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे गाणं प्रसिद्ध होण्याआधीच पाठवता येतं, झाल्यावर नाही. किमान सात दिवस आधी पाठवलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये जातं. गणपतीचं गाणं असेल तर प्रतिष्ठापनेच्या चार आठवडे आधी वितरकाकडे द्या. भाषा मराठी निवडा, गीतकार-संगीतकारांची पूर्ण नावं भरा, आणि गायकाचं रोमन स्पेलिंग दर वेळी तेच ठेवा. ‘स्वप्नील’मध्ये एकदा एक आय आणि एकदा दोन ई लिहिले, तर दोन वेगळी प्रोफाइलं तयार होतात आणि श्रोते विभागले जातात.

पोस्टाचं पाकीट विसरा. भारतात कॉपीराइट गाणं लिहिलं किंवा ध्वनिमुद्रित झालं की आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा हवा असेल तर सरकारी नोंदवही आहे, कलम ४८ नुसार तिच्यातली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरतात. शब्दांना ५०० रुपये, चालीला ५००, ध्वनिमुद्रणाला २,०००. याहून जास्त भांडणं घरातच होतात, म्हणून गीतकार, संगीतकार आणि अरेंजर (वाद्यमेळ रचणारा) यांचा वाटा किती टक्के हे गाणं सोडण्याआधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

आणि ज्यांनी पॅकेज घेऊनच टाकलंय, त्यांनी आजच ते थांबवायला सांगा, पैसे परत मिळोत न मिळोत. विकणाऱ्याला लॉगिन दिलं असेल तर पासवर्ड बदला, ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’च्या टीममध्ये अनोळखी नाव असेल तर काढा. शहरांच्या यादीचे आणि आलेखाचे स्क्रीनशॉट तारखेसह घ्या, प्लेलिस्टचं नाव टिपून ठेवा, आणि वितरकाने विचारायच्या आधी त्याला स्वतः मेल करा: काय घेतलं, कधी घेतलं, कधी थांबवलं. उत्तर येईपर्यंत गाणं उतरवून नव्या नावाने पुन्हा टाकू नका, ते लपवाछपवीसारखं दिसतं. पुढे वितरक बदलावा लागला तर गाण्याचा जुना आयएसआरसी, तो बारा अक्षर-अंकांचा कोड, नव्या वितरकाकडे तसाच भरा, म्हणजे खऱ्या श्रोत्यांची मोजणी गाण्यासोबत राहते.