‘किल्ला थोडीच आहे?’

डोकं फिरलंय आज. बरेटरला गेलो होतो, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानाच्या कडेला, जिथून प्लिमथला पाणी येतं तो तलाव. काठाशी लाँगस्टोनच्या पडक्या घराच्या ग्रॅनाइटच्या भिंती आहेत, एल्फर्ड घराण्याचं जुनं शेतघर, आणि तिथं काहीजण, हो मराठीच, भिंतीवरचे दगड काढून एकावर एक रचून रील करत होते. म्हटलं अहो हे संरक्षित आहे, तर उत्तर काय, “चार दगड तर आहेत, किल्ला थोडीच आहे?”

तिथंच जवळ एक उंच दगडी ओटा आहे. विंडस्ट्रू म्हणतात. वाऱ्याच्या तोंडाला बांधलेला, धान्य उपणायला. बूट घालून उभे होते त्यावर.

मला मामा आठवला. आईचं माहेर उजनीत गेलं. एका उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं तेव्हा मामा आम्हाला घेऊन गेला, भेगाळलेल्या गाळात चालता चालता मधेच थांबला, चपला काढल्या आणि म्हणाला, इथं खळं होतं, तिवडा, म्हणजे मळणीचा मधला खांब, इथं. दिसत काहीच नव्हतं. तरी आम्हीही काढल्या चपला, कारण खळ्यात चपला घालून कोण जातं?

बरेटरचं तरी वेगळं काय आहे? १८९८ मध्ये तलाव झाला, १९२० च्या दशकात धरण आणखी उंच केलं, आणि शहराचं पाणी खराब होऊ नये म्हणून भोवतालची शेतघरं रिकामी करत नेली. लेदर टॉर फार्म गेलं, बटाटे साठवायची त्यांची गुहा तेवढी राहिली. बरं, शहराला पाणी लागतं, मीही तेच पितो, मान्य. पण ज्यांच्या शेतावरून ते आलं त्यांच्या भिंतीचा दगडही जागेवर ठेवायचा नाही?

एल्फर्ड तसे बडे लोक होते, तेही मान्य. पण ओट्यावर उभं राहून धान्य कोण उपणत होतं? सरदार? गडीमाणसंच ना!

आपण गडावर जातो, पायरीला हात लावून नमस्कार करतो, कुणी बुरुजावर नाव कोरलं तर त्याला फेसबुकवर सोलून काढतो आणि बरोबरच करतो. मग शेतकऱ्याच्या घराला वेगळा न्याय का? राजाचे दगड तेवढे इतिहास आणि कुणब्याचे दगड म्हणजे राडारोडा? मामाकडे तर दाखवायला एक दगडही नव्हता, नुसता गाळ होता, तरी त्यानं चपला काढल्या. इथं अख्खी भिंत उभी आहे. या देशात अशा अवशेषांसाठी १९७९ चा कायदा आहे, पण कायदा कशाला सांगायला लागतो हो आपल्याला?

त्यांच्यातला एक पोरगा मात्र गुपचूप दोन दगड परत ठेवायला गेला. नेमके कुठले कुठं होते ते त्याला कळेना, मलाही नाही. एकदा हलला की गेलाच तो.

ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगतोय, जा तिथं, पोरांना न्या, शीप्स्टॉर गावाच्या बाजूनं छान वाट आहे. पण दगडाला हात लावू नका, आणि त्या ओट्यावर चढू नका.